सामुदायिक विहिरीची जागा आणि मधमाश्यांचे एकमत

भूम तालुक्यातील एका शेतकरी गटाच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गटात २१ सभासद आहेत. सामुदायिक विहीर कोठे खोदायची आणि तिचे पाणी कसे वाटायचे, यावर तीन बैठका निर्णयाविना उठल्या. चौथ्या बैठकीत अध्यक्षांनी एक जागा सुचवली, सर्वांनी माना डोलावल्या, ठराव झाला, आणि दुसऱ्याच दिवशी पारावर निम्मे सभासद त्या जागेला नावे ठेवू लागले. दरम्यान सचिवांनी एका व्याख्यानात ऐकले की मधमाश्या, मुंग्या आणि आता तर रोबोटांचे थवेही कोणी प्रमुख नसताना एकमताने निर्णय घेतात. मग माणसांनाच ते का जमत नाही, आणि अध्यक्ष हे पदच काढून टाकावे काय, असे त्यांनी विचारले आहे.

सचिव महोदय, मी गेली २२ वर्षे जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत पाणी वापर गटांबरोबर काम करतो आहे, आणि त्यांतली शेवटची ९ वर्षे जालन्याच्या बाजूला कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मधपेट्याही ठेवतो. त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांशी माझा नित्याचा संबंध आहे. आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर देतो. प्रत्येकाने स्वतः पाहून बनवलेले मत बैठकीपर्यंत शाबूत पोहोचले, आणि एकदा मांडलेले मत सोडून देण्याची मोकळीक राहिली, तरच समूह शहाणा ठरतो. आपल्या चौथ्या बैठकीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. एकमत तेवढे होते.

मधमाश्यांविषयी आपण ऐकले ते अर्धेच खरे आहे. एका वर्षी फेब्रुवारीत माझी एक भरलेली वसाहत फुटली आणि जुन्या राणीसह निम्म्याहून अधिक माश्या बांधावरच्या बाभळीला घोसासारख्या लटकल्या. रिकामी पेटी घेऊन मी खाली उभा होतो, परंतु लगेच फांदी झटकून त्यांना पेटीत घेण्याऐवजी तासभर नुसता पाहत राहिलो. घोसावरच्या बहुतेक माश्या निश्चल होत्या. मधूनच एखादी माशी पोट थरथरवत बोटभर सरळ धावे, वळून मूळ जागी येई आणि पुन्हा तीच रेघ धावे. तिच्या मागे तीन-चार जणी स्पर्शिका लावून चालत. वीतभर अंतरावर दुसरी एक माशी वेगळ्याच दिशेची रेघ गिरवत होती. काही वेळाने पहिलीच्या फेऱ्या कमी झाल्या आणि ती गप्प बसली. कोणी तिला हरवले नव्हते. तिचे सांगून झाले होते.

या नाचाचा अर्थ, म्हणजे रेघेची दिशा सूर्याच्या संदर्भात आणि रेघेची लांबी अंतराच्या प्रमाणात असते हे, कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले आणि त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये घोसावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने आणि विटांच्या धुळीने माखलेल्या दिसल्या. या माश्या फुलांवरून आलेल्या नसून नव्या घरासाठी पोकळ्या शोधून आलेल्या आहेत, हे त्यांनी ओळखले. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांनी ॲपलडोर या जवळजवळ वृक्षहीन बेटावर फुटलेल्या वसाहती नेऊन सोडल्या. तेथे ढोली नसल्याने माश्यांना त्यांनी ठेवलेल्या खोक्यांतूनच निवड करावी लागे, आणि सुमारे ४० लिटरची, लहान दाराची पोकळी माश्यांना सर्वांत पसंत पडते हे ठाऊक असल्याने त्यांचा निर्णय बरोबर की चूक हेही तपासता येई.

त्या प्रयोगांतून आपल्या गटाला उपयोगी पडतील अशा गोष्टी दिसल्या. दहा हजारांच्या घोसात टेहळणीला जाणाऱ्या माश्या जेमतेम काहीशे असतात. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. तो नाच पाहणारी माशी मात्र ऐकीव माहितीवर नाचत नाही. ती स्वतः उडून जाते, पोकळीत आतून-बाहेरून फिरते, तिला पटले तरच परत येऊन नाचते, आणि किती नाचायचे हे तिच्या स्वतःच्या पाहणीवर ठरते. प्रत्येक माशीचा उत्साह दर खेपेला ठरावीक प्रमाणात ओसरतो, जागा उत्तम असली तरीही. त्यामुळे सुमार जागेचे समर्थक नव्या साक्षीदारांअभावी आपोआप विरतात आणि चांगल्या जागेचे वाढत जातात. शेवटचा कौलही घोसावर घेतला जात नाही. एखाद्या जागेवर एका वेळी वीस-तीस माश्या जमल्या की तेथील माश्यांना ती गर्दी जाणवते, त्या परतून बारीक शिट्टीसारखा आवाज करत घोसात घुसतात, उरलेल्या माश्या पंखांचे स्नायू तापवतात आणि सगळा घोस उडतो. सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारखी पाच खोकी शेजारी शेजारी ठेवून ही गर्दी मुद्दाम विभागली, तेव्हा सर्व नाच एकाच दिशेचे असूनही घोस बराच वेळ उडाला नाही. म्हणजे माश्या एकमताची वाट पाहत नाहीत. पुरेशा जणींनी जागेवर जाऊन खात्री केली आहे काय, एवढेच त्या पाहतात. एकमत बहुतेक वेळा त्याच वाटेवर होऊन जाते.

मुंग्यांबाबत मात्र सावध राहावे. ब्रुसेल्समधील झाँ-लुई दनबूर्ग यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला दोन फाट्यांच्या पुलाचा प्रयोग व्याख्यानात सांगितला गेला असेल: अर्जेंटिनी मुंग्यांना वारुळापासून अन्नाकडे जाण्यास एक आखूड आणि एक लांब वाट दिली, तर गंधाचा माग आखूड वाटेवर लवकर दाट होतो आणि थोड्या वेळात बहुतेक मुंग्या तीच वाट धरतात. परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. आधी लांब वाटच ठेवली आणि आखूड वाट नंतर जोडली, तर मुंग्या लांब वाटेवरच अडकून राहतात, कारण जुना माग इतका दाट झालेला असतो की नव्या वाटेला संधीच उरत नाही. लष्करी मुंग्यांमध्ये तर मूळ मागापासून तुटलेला जथा पुढचीच्या मागे मागची असा गोल फिरत थकून मरूही शकतो. मार्को दोरिगो यांनी १९९२ मध्ये मुंग्यांवरून संगणकासाठी वाटा शोधण्याची रीत बसवली, तेव्हा तिच्यात मागाचे बाष्पीभवन मुद्दाम ठेवले, म्हणजे जुना माग उडत जाईल आणि नव्या वाटेलाही वाव राहील.

आपल्याकडे हेच घडत नाही. बैठकीत एखाद्या आबांनी ‘विहीर ओढ्याच्या वरच्या अंगालाच झाली पाहिजे’ असे एकदा म्हटले की ते मत राहत नाही, ती इज्जत होते. पुढच्या बैठकीत नवी माहिती आली तरी त्यांना मागे फिरता येत नाही, आणि त्यांच्या भावकीलाही येत नाही. मी पाहिलेल्या अडलेल्या गटांपैकी बहुतेक गट माहितीच्या अभावी अडले नव्हते. शब्द मागे घेण्याची सन्मानाची वाट नव्हती, म्हणून ते अडले होते.

आता माणसांकडे येऊ. १९०६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यातील ७८७ वाचता येण्याजोग्या चिठ्ठ्या क्रमाने लावल्या. मधली चिठ्ठी १,२०७ पौंडांची निघाली आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. त्यांनी हे १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्याकडे मी हाच प्रयोग सोयाबीनच्या राशीवर करतो. मळणी झालेल्या खळ्यावर सर्वांना रास पाहू देतो, प्रत्येकाकडून गुपचूप चिठ्ठीवर क्विंटल लिहून घेतो, मग काट्यावर कट्टे चढवतो. मधली चिठ्ठी बहुतेक वेळा खऱ्या वजनाच्या जवळ असते, आणि गावात जाणकार म्हणून नाव असलेल्याची चिठ्ठी दर वेळी असतेच असे नाही. त्यानंतर दुसऱ्या राशीवर तोच अंदाज मोठ्याने सांगायला लावतो. पहिला जो आकडा बोलतो, त्याच्याच आसपास पुढचे सगळे घुटमळतात. झ्युरिकमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळले: इतरांची उत्तरे दाखवली की अंदाजांतील विविधता घटते, चूक घटत नाही, आणि लोकांचा स्वतःवरचा विश्वास मात्र वाढतो. यातली शेवटची बाब मला सर्वांत घातक वाटते.

याचे गणितही जुने आहे. फ्रान्सच्या कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवले की प्रत्येक सभासद बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी अधिक असेल आणि मते खरोखर स्वतंत्र असतील, तर माणसे वाढतील तसे बहुमत अधिकाधिक बिनचूक होते. आपल्या २१ जणांपैकी प्रत्येक जण १०० पैकी ६० वेळा बरोबर ठरत असेल, तर बहुमत सुमारे ८३ वेळा बरोबर ठरेल. परंतु २० जण एकाचीच री ओढत असतील, तर हात २१ वर होतात आणि मत एकच राहते. शक्यता पुन्हा ६० वर येते. आणि प्रत्येकाची समज निम्म्याहून कमी भरवशाची असेल, समजा १०० पैकी ४०, तर स्वतंत्र मतांचे बहुमत अवघे १७ वेळा बरोबर ठरेल. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, पण त्यासाठी मुखे खरोखर पाच असावी लागतात, आणि त्या पाचांनी काही पाहिलेलेही असावे लागते.

हे मी किंमत मोजून शिकलो आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात सामुदायिक बोअरची जागा ठरवायची होती. पाणाड्याने नारळ हातावर धरून एक जागा दाखवली, गावातील सर्वांत मोठ्या बागायतदारांनी ती उचलून धरली, आणि मी ‘कोणाची हरकत आहे काय’ असे विचारले. भर बैठकीत तो प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर ठरवून टाकणेच होते, हे तेव्हा मला कळले नाही. ६०० फुटांपर्यंत काळा पाषाणच लागला आणि गटाची दोन वर्षांची बचत गेली. नंतर शेळ्या राखणाऱ्या एका मावशी मला म्हणाल्या, “त्या अंगाला तर गवत दिवाळीलाच वाळतं भाऊ, नाल्याच्या वळणावर होळीपर्यंत हिरवं असतंय.” त्या गटाच्या सभासद होत्या आणि बैठकीलाही होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते.

एकालाच ठाऊक असलेली गोष्ट चर्चेत बुडते, हे मानसशास्त्रात १९८५ पासून प्रयोगांनी माहीत आहे. स्टॅसर आणि टायटस यांनी दाखवले की गट सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच पुनःपुन्हा बोलतात. २०१० मध्ये ॲनिटा वुली आणि सहकाऱ्यांनी ६९९ व्यक्तींच्या छोट्या गटांना निरनिराळी कामे दिली, तेव्हा गटातील सर्वांत हुशार माणसाच्या बुद्धीपेक्षा बोलण्याची पाळी किती समान वाटली गेली आणि सभासद एकमेकांच्या चेहऱ्यावरचे भाव किती ओळखतात, यांचा गटाच्या यशाशी अधिक संबंध दिसला. गप्प बसणाऱ्यांना कोरमपुरते मानू नये, याचे आणखी एक कारण माशांच्या थव्यांत सापडते. इयान कझिन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की आग्रही अल्पसंख्य मासे थवा आपल्या बाजूला ओढू शकतात, परंतु कसलाच आग्रह नसलेले मासे थव्यात मिसळले की कौल पुन्हा बहुसंख्यांकडे झुकतो. आपल्या गटातील ज्यांचे शेत कोणत्याच प्रस्तावित जागेजवळ नाही, त्यांची उपस्थिती म्हणूनच मोलाची आहे.

आपल्या पत्रात आणखी एक सूचना होती, की दोन जागांवर वाद आहे तर मधली जागा घ्यावी. केनियातील म्पाला येथे बबून माकडांच्या टोळीला जीपीएसचे पट्टे बांधून केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पुढे निघालेल्या दोन गटांच्या दिशांत थोडेच अंतर असेल तर टोळी मधून जाते, आणि अंतर सुमारे काटकोनापलीकडे गेले की मधली वाट सोडून एक बाजू निवडते, बहुधा जास्त जण गेले असतील ती. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात तर मधल्या जागेला काहीच अर्थ नसतो. पाणी झिजलेल्या मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात असते. पन्नास पावलांवर चित्र पालटते. दोन ओल्या जागांच्या मधोमध अखंड पाषाण असू शकतो. सलोख्यासाठी खोदलेली विहीर पाणी देईलच असे नाही.

रोबोटांविषयी थोडक्यात सांगतो. हार्वर्डमध्ये मायकल रुबेनस्टाइन आणि राधिका नागपाल यांच्या गटाने २०१४ मध्ये १,०२४ किलोबोट, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, तीन काड्यांसारख्या पायांवर थरथरत सरकणारे रोबोट, केवळ शेजाऱ्यांशी बोलून इंग्रजी के अक्षराच्या आणि तारामाशाच्या आकारात उभे केले. आपल्या प्रश्नाला मात्र गॅब्रिएले व्हॅलेंटिनी यांचे १०० किलोबोटांवरचे काम अधिक जवळचे आहे. दोन पर्यायांपैकी चांगला निवडण्यासाठी त्यांनी मधमाश्यांचाच नियम वापरला, म्हणजे पर्याय जितका चांगला तितका वेळ त्याचा प्रचार. रोबोटाने आजूबाजूच्यांचे बहुमत पाहून मत बदलायचे ठेवले, तर निर्णय लवकर होतो पण अधिक वेळा चुकतो. भेटलेल्या एखाद्याचेच मत घ्यायचे ठेवले, तर वेळ लागतो पण चूक कमी होते. घाईने हात वर करायला लावणाऱ्या बैठकीची अडचण हीच असते. आणि हे रोबोट प्रामाणिक आहेत, हे विसरू नये. संगणकशास्त्रात लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीस यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले की साध्या तोंडी निरोपांवर चालणाऱ्या व्यवस्थेत एक खोटारडा पचवायचा असेल तर एकूण किमान चार जण लागतात.

येथे आपल्या प्रश्नाचे दोन प्रश्न होतात, आणि माझ्या मते तीन बैठका वाया गेल्या त्या हे दोन प्रश्न एकाच ताटात वाढल्यामुळे. पाणी कोठे आहे, याचे उत्तर जमिनीत आहे; त्याला चिठ्ठ्या, पाहणी आणि मधमाश्यांची रीत लागू पडते. पाणी कोणाला किती, याचे उत्तर जमिनीत नाही. मधमाश्यांना हा दुसरा प्रश्न पडतच नाही, कारण घर चुकले तर सगळ्याच मरतात. आपल्याकडे विहीर ज्याच्या धुऱ्याला लागेल त्याच्या पाइपचा खर्च वाचतो, आणि वाटणी ठरलेली नसेल तर जागेविषयी दिलेले प्रत्येक मत हे जागेविषयी आहे की पाइपविषयी, हे ओळखता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याआधीच्या वर्षांत मराठवाड्यात घरोघर बोअर खोल करण्याची शर्यत लागली होती. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता समजण्याजोगा होता आणि सर्वांचा मिळून पाण्याचा थर खाली जात होता.

या दुसऱ्या प्रश्नासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याकडे जावे, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा पीएच.डी.चा अभ्यासच कॅलिफोर्नियातील भूजलाच्या एका खोऱ्यावर होता. टिकून राहिलेल्या सामायिक पाणी-जंगल-कुरणांच्या व्यवस्थांत त्यांना दिसले की नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असतात, देखरेख करणारा वापरणाऱ्यांनाच जबाबदार असतो, आणि शिक्षा पहिल्या चुकीला लहान व पुढे वाढत जाणारी असते.

म्हणून आपण पुढची बैठक फक्त वाटणीवर घ्यावी, जागेचा विषय त्या दिवशी काढूच नये. विहीर कोणाच्याही रानात लागली तरी पाण्याच्या पाळ्या अशा, मोटारीच्या लाईट बिलाची वर्गणी अशी, दूर असलेल्यांच्या पाइपचा खर्च सर्वांवर असा, पाळी मोडल्यास पहिल्यांदा इतका दंड, हे सर्व सह्यांनिशी ठरवावे. जागा अज्ञात असताना प्रत्येक जण न्याय्य वाटणी मागतो, कारण आपला नंबर कोठे लागेल हे त्याला ठाऊक नसते. ज्याच्या रानात विहीर येऊ शकते अशा प्रत्येकाकडून जमिनीचे संमतिपत्रही त्याच दिवशी घ्यावे.

त्यानंतर दोन आठवडे पाहणीसाठी ठेवावेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडून सर्वेक्षण करून घ्यावे, परंतु त्यांचा अहवाल चिठ्ठ्या लिहून होईपर्यंत पाकिटात बंद ठेवावा. सभासदांनी दोघा-तिघांच्या टोळीने नव्हे तर एकट्याने शिवार फिरावे, आजूबाजूच्या विहिरींची पाण्याची पातळी दोरीने मोजावी, आणि ज्याने जागा पाहिली नाही त्याची चिठ्ठी त्या जागेपुरती धरू नये. चिठ्ठीवर जागा आणि कारण दोन्ही लिहावे. लिहिता न येणाऱ्यांची चिठ्ठी शाळेतल्या एखाद्या मुलीने बाजूला बसून लिहून घ्यावी. बैठकीत आधी सर्व चिठ्ठ्या नावाविना वाचाव्यात, मग अहवाल उघडावा, मग चर्चा, आणि आठवड्याने दुसऱ्या चिठ्ठ्या. पहिली चिठ्ठी निनावी असल्याने दुसरीत मत बदलणाऱ्याचे काहीच जात नाही. दोनतृतीयांश चिठ्ठ्या एका जागेवर आल्या की काम सुरू करावे. उरलेल्यांनी होकार द्यावा म्हणून रात्री घरोघर फिरू नये.

अध्यक्षपद राहू द्यावे. बँकेत सही कोणाला तरी करावी लागते, आणि वेळ संपली हेही कोणाला तरी म्हणावे लागते. अध्यक्षांनी स्वतःची चिठ्ठी इतरांसारखीच डब्यात टाकावी आणि जागेविषयी सर्वांत शेवटी बोलावे, एवढेच त्यांना सांगावे. ते ऐकतील असे आपल्या पत्रातील त्यांच्या वर्णनावरून मला वाटते. चौथ्या बैठकीचा ठराव रद्द करण्याची सूचना त्यांनी स्वतः मांडली तर फार बरे होईल. आणि नाल्याच्या वळणाबद्दल मला सांगणाऱ्या त्या मावशींच्या गटाने पुढे तेथेच विहीर घेतली. अपेक्षेपेक्षा पाणी कमी लागले, एप्रिलनंतर मोटार दिवसाला दोन तासच चालते, परंतु पाळ्या आधी ठरलेल्या असल्याने त्या दोन तासांवर तेथे अजून भांडण झालेले नाही.